कुतुबशाही मकबऱ्यातलं तिरकं फूल

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की रोह्यात पहिला प्रश्न येतो, मोती आणलेस का? नाही आणले बाई. चारमिनारसुद्धा रिक्षातून जाताना उजव्या हाताला दिसला तेवढाच. मी पाहिलं ते तिथल्या जुन्या सुलतानांचं कबरस्तान, आणि ते पाहून आल्यापासून कोणी भेटलं की मला तेच सांगावंसं वाटतं. आमचे हे म्हणतात, सारखं सारखं सांगतेस त्यापेक्षा लिहून काढ. म्हणून लिहितेय.

खरं तर आम्ही फिरायला गेलोच नव्हतो. गेलो होतो दादाच्या डोळ्यांसाठी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पेणजवळच्या जोह्याला आमचा गणपतीचा कारखाना आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. मूर्ती कोणी का भरेना, रंग कोणी का देईना, शेवटी आखणी दादाची. आखणी म्हणजे डोळे काढायचे. पापणीची रेघ, बुबुळ, त्यातला उजेडाचा ठिपका. एवढी सोंड, एवढं पोट, एवढा मुकुट, पण डोळे काढले नाहीत तोवर ती माती. आणि डोळे काढले की लहान पोरं मूर्तीसमोर हळू बोलायला लागतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

दोन वर्षांपूर्वी दादाचा डावा डोळा अधू झाला. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झाला होता. हा बाबा बोललाच नाही कोणाला, आणि बोलला तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. राहिला उजवा. यंदा भाद्रपदात तीन गणपती परत आले. घरी नेलेले, पण अजून पूजेला न बसवलेले. त्यातला एक रोह्याच्या आमच्याच आळीतला. ते गृहस्थ बिचारे हात जोडून म्हणाले, "दादा, रागावू नका, पण बाप्पाचा एक डोळा दाराकडं हाय न् एक समईकडं."

दादा म्हणाला, रंगात पाणी जास्त झालं. ती मूर्ती बदलून दिली. पण त्याचा मुलगा संजय, जो आता कारखाना बघतो, त्याने सरळ सांगितलं, "बाबा, पुढच्या सालापासून आखणीला दुसरा माणूस बघतो." दोन दिवस दादा जेवला नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, हैदराबादला डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे तिथे दाखवून या. उजवा डोळा वाचेल की नाही, दादाच्या हातात ब्रश राहील की नाही, एवढाच प्रश्न होता. संजयला कारखाना सोडता येईना, वहिनी मागेच गेली. उरले मी. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, बोलायला खमकी. दिवाळी झाली, भातं झोडून झाली आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही. पेणहून एसटीने पनवेल, मग पुणे, मग रात्रभराची गाडी, कंबरडं मोडलं, संपलं.

रुग्णालयाजवळच एक लॉज घेतला. मी घरून तांदळाच्या भाकऱ्या, पोह्याचे पापड आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. परमुलखात पोटाचे हाल नकोत. डबा उघडून पाच मिनिटं झाली नसतील तर दारावर थाप. मॅनेजर नाकाला रुमाल लावून उभा.

"अम्मा, कमरे में कुछ मर गया क्या?"

मी म्हटलं, "मेलंय ते आमच्या धरमतरच्या खाडीत, महिना झाला. इधर सिर्फ डब्बा खोला है." त्याला काही ते पटलं नाही. राहिलेली चटणी तीन पिशव्यांत बांधून बॅगेच्या तळाशी गेली, आणि दादा किती तरी दिवसांनी हसला.

दुपारी तपासण्या. काय ते रुग्णालय! कुठकुठली माणसं आलेली, आसामची, बिहारची, आणि तरी कुठे आरडाओरडा नाही. डोळ्यात थेंब घातले, यंत्रात हनुवटी टेकवून डोळ्याचे फोटो काढले. मग एका तरुण मुलीने दादाच्या हातात एक कागद दिला. त्यावर बारीक चौकटी छापलेल्या, आपल्या गणिताच्या वहीला असतात तशा, आणि मधोमध काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने ठिपक्याकडे बघा, जिथे रेघा वाकड्या दिसतील तिथे पेनने तशाच वाकड्या काढा, असं तिने हिंदीत दोनदा समजावलं.

दादाने कागद मांडीवर घेतला. बराच वेळ बघत बसला. मग पेन उचललं आणि चौकटीच्या मधल्या चार-पाच रेघांवरून सरळ, सुरेख रेघा ओढल्या. पट्टीने ओढाव्यात तशा.

"सब सीधा दिखता है?" मुलीने विचारलं.

"हाय ना सीधा," दादा म्हणाला.

तिने कागद फाइलला लावला. मोठे डॉक्टर परवा बघतील, मग ठरेल, म्हणाली. मला काय आनंद झाला! सरळ दिसतंय म्हणजे डोळा बरा आहे की. मी तिथल्या तिथे बाप्पाला एकवीस मोदक बोलून टाकले. पण रुग्णालयाची पायरी उतरताना दादाचा पाय हुकला. मी दंड धरला म्हणून बरं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण मला चांगलंच ऐकायचं होतं ना, मग मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसरा दिवस

मधला दिवस रिकामा. लॉजवर बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा कुठे तरी जाऊ, असं मी म्हटलं. मॅनेजरनेच सुचवलं, सात गुंबद बघा, गोवळकोंड्याच्या किल्ल्याजवळ. आम्ही बाहेर जातोय याचाच त्याला आनंद झाला असावा.

आधी एका इराणी हॉटेलात चहा प्यायलो. घट्ट, गोड, सोबत खारट-गोड बिस्कीट. दादाने तीन कप घेतले. आपल्याकडे पेणच्या स्टँडवर चहा म्हणून जे मिळतं ते काय असतं, असा प्रश्न पडला. मग रिक्षा.

फाटकातून आत गेलो, झाडांची ओळ संपली आणि मी बोलायची थांबले. माझं बोलणं थांबणं ही आमच्या घरात बातमी असते. दादाने विचारलंसुद्धा, "काय झालं गो?"

काय सांगू काय झालं! समोर घुमट. एक नाही, दोन नाही, जिकडे मान वळवावी तिकडे घुमट. खाली चौकोनी इमारत, तिला चारी बाजूंनी कमानी, कमानींवर जाळीदार कठडे, आणि त्यावर तो प्रचंड गोल, बुडाशी पाकळ्या असलेला, कमळातून फुगून वर आल्यासारखा. आपल्या जोह्याचा अख्खा कारखाना, रॅकवरच्या मूर्तींसकट, एकाच घुमटाखाली मावला असता आणि वर ओरडायला जागा उरली असती. इथे एका घराण्याचे सुलतान, त्यांच्या राण्या, मुलं, हकीम, सगळे निजलेत. म्हणतात की कित्येक सुलतानांनी आपला मकबरा जिवंतपणीच बांधायला घेतला होता. रोज सकाळी उठून आपल्याच कबरीचं काम कुठवर आलं हे बघायला जायचं! मला तर अंगावर काटा आला.

एका बाजूला हमाम आहे. मधे कोनाकोनांचा दगडी ओटा, त्याभोवती पाण्याच्या वाटा. मेलेल्या सुलतानाला इथे शेवटची आंघोळ घालत. आपल्याकडे अंगणात पाट मांडून, तांब्याने पाणी घालून घालतात तीच आंघोळ. राजा असो नाहीतर खाजणातला मिठागरवाला, शेवटी कोणीतरी दुसऱ्यानेच न्हाऊ घालायचं. त्या ओट्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. वहिनीला मीच न्हाऊ घातलं होतं, ते आठवलं आणि रडू आलं.

मग सगळ्यात मोठ्या मकबऱ्यात गेलो. कोणी सांगितलं नव्हतं तरी आम्ही दोघांनीही चपला बाहेर काढल्या. आत गार अंधार. मधोमध काळ्या दगडाची कबर, पायऱ्यापायऱ्यांची, पाटा झिजून गुळगुळीत होतो तशी गुळगुळीत, अंगावर सुंदर वळणाची अक्षरं कोरलेली. दादाने हात जोडले आणि सवयीने प्रदक्षिणा घालायला लागला. मी म्हटलं, अरे देऊळ नाही हे. तो म्हणाला, "असूं दे. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं बघून जायाचं व्हय?" अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर तिथल्या पाटीवर मी वाचलं, खरी कबर ही नव्हेच. खरा देह खाली तळघरात, अंधारात. वर ठेवलीय ती फक्त लोकांनी बघायला. दादाला सांगितलं, तर त्याने प्रदक्षिणा पुरी केली आणि खाली फरशीला वाकून हात लावला.

वर बघितलं तर घुमटाचं टोक दिसतच नव्हतं. मी हळूच "दादा" म्हटलं, तर कोणीतरी वरून चार वेळा "दादा" म्हणालं. माझं वय एकसष्ट, पण त्या क्षणी मी सहा वर्षांची होते.

आता दादाची खोड. तो कुठेही गेला, लग्नाच्या हॉलात गेला तरी, भिंतीला बोटाच्या पेराने टकटक करून बघतो. मूर्ती वाळली की कुठे पोकळ राहिलीय ते असंच वाजवून कळतं, साठ वर्षांची सवय. बाहेरच्या कमानीखाली चुन्याच्या नक्षीची एक पट्टी होती, ओळीने फुलं. दादाने ती वाजवली. टक टक. टक टक. ठप.

पहारेकऱ्याने एवढ्या जोरात शिट्टी फुंकली की मीच दोन्ही हात वर केले. त्या आवाजाने पलीकडच्या परांचीवरून, म्हणजे बांबूच्या मचाणावरून, एक म्हातारासा माणूस उतरला. हात कोपरापर्यंत पांढरे. तिथल्या दुरुस्तीच्या कामावरचे चुन्याचे मिस्त्री, गफूरभाई. आता आपली वरात काढतात असं मला वाटलं. पण दादाने त्यांना बघितल्याबरोबर भिंतीकडे बोट करून सांगितलं, "इधर पोकळ है."

गफूरभाईंनी स्वतः वाजवलं. टक टक. ठप. खिशातून खडू काढून तिथे गोल केला आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "जाव मियाँ, ये अपने में के हैं."

झालं, दोघांची गट्टी जमली. गफूरभाईंची हिंदी आमच्या कानाला अर्धी मराठीच. नको म्हणायचं तर "नक्को". हो म्हणायचं तर "हौ". त्यांनी आम्हाला त्यांच्या चुन्याच्या हौदाशी नेलं. म्हणाले, मधे कोणी शहाण्यांनी सिमेंट थापलं होतं, ते सगळं उकरून काढलं. आता जुन्यासारखाच चुना, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी. दादाने एक चिमूट घेऊन बोटांत चोळली, वास घेतला आणि नुसती मान हलवली. शाडूची माती हातात घेतल्यावर वडील अशीच मान हलवायचे.

"तुम क्या बनाते, भाईसाब?" गफूरभाईंनी विचारलं.

"गणपती. दस दिन का काम. फिर पानी में."

"और फिर?"

"फिर दूसरा बनाता."

गफूरभाई त्या घुमटाकडे बघत राहिले, मग दादाकडे. "हर साल? पूरा?" त्यांना ते खरंच वाटेना. आम्ही त्यांच्या चारशे वर्षांकडे तोंड उघडं टाकून बघत होतो आणि ते आमच्या दहा दिवसांकडे.

मग ते आम्हाला एका कमानीपाशी घेऊन गेले. नुकतंच काम पुरं झालेली फुलांची ओळ. कमानीच्या कडेने वर चढत जाणारी चुन्याची फुलं, प्रत्येकाला आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीला मधे शीर. दादा बघत होता. एकदम त्याने माझा हात धरला.

"सुमे," तो हळू आवाजात म्हणाला, "खालून पाचवं फूल बघ. कसं दिसतंय?"

मी बघितलं. "तिरकं आहे."

"नीट बघ."

"अरे तिरकं आहे म्हणते ना! देठच चुकलाय त्याचा. बाकीची सरळ आहेत, तेवढंच एका अंगाला झुकलंय."

"देवाची शपथ?"

"आता काय लिहून देऊ?"

दादा तिथेच कट्ट्यावर मटकन बसला. गफूरभाई घाबरले, पाणी आणायला धावले. दादा म्हणाला, "मला वाटलं, ते माझ्या डोळ्यात हाय."

त्याने हात वर करून त्या फुलावरून बोटं फिरवली, मग शेजारच्या फुलावरून, मग पुन्हा त्यावरून. गफूरभाई पाणी घेऊन आले तेव्हा त्याने त्यांना विचारलं, कारागीर कारागिराला विचारतो तसं, आडपडदा न ठेवता, "ये तुमसे गलत हुआ?"

"नहीं भाईसाब. पुराने उस्ताद से हुआ. आधा टूट गया था, हम उसकाच साँचा लेके बनाए. जैसा था वैसाच."

"सीधा कायकू नहीं किया?"

"मेरे कू हक नहीं," गफूरभाई म्हणाले. "मैं सीधा किया तो मालूमच नहीं पड़ेगा के यहाँ कौन था, उस दिन क्या हुआ उसकू. जो है वोइच दिखाना पड़ता."

त्यांना कामावर परत जायचं होतं. जाताना त्यांनी दादाला मिठी मारली, दादाच्या सदऱ्याच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले. आम्ही दोघं कट्ट्यावर बसून राहिलो. समोर उन्हात घुमट तापत होते, पोपट ओरडत होते. मी पापडाची पिशवी काढली. दादाने एक पापड हातात घेतला आणि मोडलाच नाही.

"काल मी खोटं बोललो गो," तो म्हणाला.

मला कळलं होतं, तरी मी विचारलं, "काय?"

"त्या कागदावर. सगळ्या रेघा वाकड्या व्हत्या. मधे तर नुसता गोळा. पण हातात पेन दिलं न् म्हणाली वाकड्या काढ. वाकडी रेघ कशी काढू मी? जल्मभर लोकांच्या वाकड्या रेघा नीट केल्या. हात आपसूक नीट करून मोकळा झाला." मग म्हणाला, "न् एकदा कागदावर आलं की संजय ब्रश काढून घेल. त्ये बी हायच."

मला इतका राग आला! इतक्या लांब आणून हा माणूस डॉक्टरलाच फसवतो. मी त्याला शाळेतल्या पोराला झापावं तसं झापलं. "डावा असाच घालवलास, आता उजवाही घालव. बस मग जोह्याला ओटीवर, मी भरवायला येते रोह्याहून!" दादा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "झालं तुझं? चल. भूक लागली."

दुपारी बिर्याणी खाल्ली. एवढा लांब, सुटा तांदूळ पाहून दादा म्हणाला, आपल्या जाड्या भाताला कालवण धरतं तसं याला धरणार नाही. तरी ताट साफ केलं.

तिसरा दिवस

मोठे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांच्यासमोर फोटो होते आणि दादाचा तो सुरेख सरळ रेघांचा कागद. म्हणाले, पडद्याखाली थोडं पाणी दिसतंय, पण तुम्हाला रेघा वाकड्या दिसत नाहीत म्हणजे आत्ता घाई नको. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

तीन महिने! घरी जायला मोकळे. मी दादाकडे बघितलं. मी बोलणार नव्हते. रात्रीच ठरवलं होतं, हे त्याने बोलायचं.

"साहेब," दादा म्हणाला, "दूसरा कागज दो."

कागद आला. दादाने डावा डोळा झाकला आणि पेन टेकवलं. पहिली रेघ सरळच निघाली. त्याने ती खोडली. दुसरीही सरळच निघायला लागली, तेव्हा त्याने पेन ठेवलं, डॉक्टरांना म्हणाला थांबा, आणि मला म्हणाला, "सुमे, तू माझा डोळा झाक." मी मागे उभी राहून त्याच्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. मग त्याने डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट धरलं, ओढाळ वासरू धरावं तसं, आणि काढायला लागला.

एवढा वेळ त्याला कधी कुठल्या मूर्तीला लागला नसेल. रेघा ठिपक्याजवळ आल्या की आत ओढल्या जात होत्या, एकमेकींत घुसत होत्या, जाळं मधे धरून उचललं की होतं तसं. आणि अगदी मधे, ठिपका होता तिथे, त्याने पेन आडवं धरून करडं करडं भरून टाकलं. मी वरून बघत होते. गेलं वर्षभर हा माणूस यातून बघत होता, यातूनच शेकडो गणपतींचे डोळे काढत होता, आणि त्यातले फक्त तीन परत आले.

डॉक्टरांनी कागद फोटोशेजारी ठेवला आणि उठून उभेच राहिले. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. तीन महिने थांबलो असतो तर हाही डाव्यासारखा गेला असता. आजच डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, मग दर महिन्याला, ते पनवेललाही मिळेल. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते धरून ठेवता येईल.

"आखणी?" दादाने विचारलं. मी हिंदीत समजावून सांगितलं की हा गणपतीचे डोळे काढतो.

"ते मी आज सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित."

दादाने मान हलवली.

संध्याकाळी इंजेक्शन देऊन त्याला बाहेर आणलं तेव्हा उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. राहिला फक्त तो डावा, अधू. मी समोरच्या खुर्चीवर बसले. दादा माझ्याशी बोलत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या खांद्यापलीकडे भिंतीकडे बघत होता. वर्षभर हे असंच चाललं होतं. भाऊबीजेला ओवाळतानासुद्धा याचं तोंड बाजूला. मला वाटायचं, माझ्यावर कसला तरी राग धरून बसलाय, आणि मी मनातल्या मनात याच्याशी किती भांडले होते.

"दादा," मी विचारलं, "खरं सांग. मी कशी दिसते?"

मग म्हणाला, "समोर बघितलं तर तू नसतेस गो. केस असतात, पातळ असतं, मधे तोंड नसतं. म्हणून मी बाजूला बघतो. बाजूला बघितलं की कडेला थोडी दिसतेस."

मी उठले, खुर्ची उचलली, आणि त्याच्या समोरून हलवून डाव्या अंगाला, अगदी लगटून ठेवली.

"आता?"

दादा समोर भिंतीकडेच बघत होता. बघता बघता हसला.

"आता हायस," म्हणाला. "न् रडतेस कशाला?"